दोर कुणाच्या हातचा: एका शिल्पकार तरुणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शिल्पकार तरुणीचं आहे. वय आज पस्तिशीच्या आत, गाव बालाघाटाच्या डोंगररांगेतलं, समाज मातंग. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत, निर्णय मात्र जसे घेतले गेले तसेच ठेवले आहेत. तिच्या प्रदर्शनांचा मराठी मजकूर मी बरीच वर्षं लिहिते. त्यामुळे यातल्या एका मोठ्या चुकीत माझाही हात आहे.

घरचा धंदा दोराचा. गावाला लागणारा सगळा दोर तिच्या आजोबांच्या अंगणातून जायचा. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या मोटेचे दोन दोर, नाडा आणि सोंदूर, बैलाचा कासरा, वेसण, म्होरकी, गाईचं दावं, दुधाच्या भांड्याचं शिंकं, पाखरं हाकायची गोफण. पोळा जवळ आला की घरात दिवसरात्र वळण चालायचं, कारण त्या दिवशी जुनी वेसण काढून नवी घालायची रीत. त्या बदल्यात सुगीला धान्य मिळायचं. विजेचा पंप आला आणि मोट गेली, ट्रॅक्टर आला आणि बैल कमी झाले. उरलेल्या बैलांच्या गळ्यात नायलॉन आलं. वडील शेतमजुरीला जाऊ लागले, पण घायपात कापणं त्यांनी सोडलं नाही. आई शिंदीच्या पानांचे फडे बांधायची. लक्ष्मीपूजनाला गावातल्या प्रत्येक घरात त्या नव्या केरसुणीला हळदकुंकू लागायचं, आणि ती केरसुणी आई ओट्याच्या खाली उभं राहूनच द्यायची. मुलीने हे दर दिवाळीला पाहिलं आहे.

दोर कसा होतो हे इथे सांगायलाच हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं. बांधावरच्या घायपाताची पाती कापायची, काटे तासायचे, ओढ्याच्या अगदी खालच्या अंगाला दगडाखाली दाबून ती पंधरवडाभर कुजवायची. खालच्या अंगाला यासाठी की वरचं पाणी गावाचं. पात्याचा रस अंगाला लागला की खाज सुटते, आणि कुजलेल्या पात्यांचा वास कपड्यांतून दोन-दोन दिवस जात नाही. वर्गात आपल्या बाकावर दुसरं कुणी का बसत नाही, हे तिला या वासावरून कळलं की आडनावावरून, ते ती आजही नक्की सांगू शकत नाही. कुजलेली पाती बडवून, धुऊन, वाळवली की आतून पांढराफेक वाख, म्हणजे तंतू, निघतो. मग लाकडी फिरकी. एकाने फिरवायची आणि दुसऱ्याने कमरेच्या झोळीतला वाख बोटांतून सोडत मागे मागे जायचं. फिरवायचं काम लहान पोरांचं. ‘फिरकीपाशी मी आणि दादा मागं मागं जाणारे. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ते एवढेसे दिसायचे,’ असं तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. दादा म्हणजे तिचे वडील. असे तीन पेड झाले की ते उलट्या बाजूने एकत्र वळायचे. पेडाचा पीळ उजवा तर दोराचा डावा, म्हणून दोर आपला आपण उलगडत नाही.

पुढची वाट महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांची असते तशीच. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा, मग इंटरमिजिएट, त्यात ए ग्रेड. त्या ग्रेडमुळे घरात पहिल्यांदा कुणालातरी वाटलं की चित्रकलेत काहीतरी आहे. बारावीनंतर आर्ट टीचर डिप्लोमा केला, म्हणजे एटीडी. दोन वर्षं एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवलं, पगार चार-चार महिन्यांनी. ती नोकरी सोडून शासकीय कला महाविद्यालयात शिल्पकलेला जायचं की नाही, हा तिचा पहिला मोठा निर्णय. घरचे नको म्हणत होते. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि शिष्यवृत्ती मंजूर झाली, तेवढ्यावर ती गेली.

दोर तिच्या कामात आला तो मात्र पुतळ्यांच्या कारखान्यात. शिक्षण संपल्यावर पोटासाठी ती तिथे सांगाडे बांधायची. पुतळा घडवताना आधी लोखंडी सांगाडा उभा करतात आणि माती धरून राहावी म्हणून त्यावर सुतळी गच्च गुंडाळतात. मग माती चढते, साचा होतो, पुतळा उभा राहतो, आणि सुतळी कुणाला दिसत नाही. एका संध्याकाळी मातीचा हात अर्धवट चढवून कामगार घरी गेले होते. खांद्यापासून कोपरापर्यंत माती, कोपराच्या खाली नुसतं लोखंड आणि सुतळी. ती तिथे तासभर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना फोन केला आणि विचारलं, नाडा अजून वळता येतो का? मोट बंद होऊन तीसेक वर्षं झाली होती. ते म्हणाले, हाताला इचार.

इथून तिचं स्वतःचं काम सुरू झालं. आज तिला ओळखतात ते ज्या मांडणीमुळे, तिचं नाव इथे देत नाही. छताच्या लोखंडी कड्यांतून एकवीस दोर लोंबतात, बोटाएवढ्या वेसणीपासून मनगटाएवढ्या नाड्यापर्यंत. प्रत्येकाच्या टोकाला त्या त्या कामाची खरी गाठ किंवा फास. बैल नाही, मोट नाही, भांडं नाही, फास मोकळा. दोर जमिनीला जेमतेम टेकतात. ही मांडणी दोघांची आहे, तिची आणि दोर वळणाऱ्या वडिलांची, हे पहिल्या दिवसापासून घरात सगळ्यांना माहीत होतं. अडचण तिथेच आली.

अडचण

समुद्रकाठच्या एका शहरात, बंदराजवळच्या जुन्या गोदामात एक मोठं सामूहिक प्रदर्शन भरलं. तीन महिने चालणारं, देशाबाहेरून लोक येणारं. तिच्यासाठी ही पहिलीच मोठी संधी. गाठी मारायला वडीलच हवेत, म्हणून तेही चार दिवस आधी आले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. शिडीवर चढून त्यांनी एकवीस गाठी मारल्या.

उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवर इंग्रजी पाटी लागली होती. वडिलांनी विचारलं, ‘काय लिव्हलंय?’ तिने वाचून अर्थ सांगायला सुरुवात केली. तिचं नाव, कामाचं नाव, वर्ष. पुढे माध्यम होतं: ‘फाउंड रोप, लोखंड’.

‘फाउंड म्हंजी?’

‘सापडलेला.’

ते थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सापडलेला? माझा काय रस्त्यावर पडला होता का?’

त्या दोराला शेहेचाळीस दिवस लागले होते. पाती कापण्यापासून. आपल्या मूळ मराठी मजकुरात मी ‘वडिलांनी वळलेला घायपाताचा दोर’ असंच लिहिलं होतं. आयोजकांच्या कार्यालयात त्याचा इंग्रजी गोषवारा झाला, पाटीसाठी तो आणखी आखडला, आणि कलेच्या जगात रोज तोंडात असलेला शब्द आपोआप तिथे येऊन बसला. कलावंताने स्वतः न घडवता जशी मिळाली तशी वापरलेली वस्तू ती ‘फाउंड’. कुणी दुष्टाव्याने केलं असं मला वाटत नाही. पण छपाईला जाण्याआधी इंग्रजी पाटी मी मागवली नाही. माझी चूक ती ही.

त्याच पाटीवर खाली दोन ओळी होत्या. त्यात तिला ‘दलित स्त्री कलावंत’ म्हटलं होतं आणि एका अस्पृश्य जातीची परंपरागत कारागिरी असा उल्लेख होता. कुणीतरी पाटीचा फोटो काढला, त्यात खाली वडील उभे. फोटो फिरत फिरत रात्री तिच्या धाकट्या भावापर्यंत गेला. तो पुण्यात एका खासगी कंपनीत काम करतो. तीन जागा हुकल्यावर त्याला भाड्याचं घर मिळालं होतं, आणि प्रत्येक वेळी बोलणी आडनावापाशी येऊन थांबली होती. चौथ्या वेळी त्याने मित्राच्या नावावर करार केला होता. तो फोनवर एवढंच म्हणाला: ‘ताई, तुला सांगायचं तर तुझं सांग. माझं तू कसं काय भिंतीवर लावलंस?’

एकाच दिवशी घरातूनच दोन तक्रारी आल्या होत्या. वडील म्हणत होते, माझं नाव नाही. भाऊ म्हणत होता, आपलं नाव का आहे? पाटी मात्र एकच होती.

समोरचे पर्याय

त्या रात्री आम्ही तिघं, म्हणजे ती, वडील आणि मी, गोदामाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून होतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी चारजणांशी बोलणं झालं.

काहीच न करणं हा सोपा मार्ग होता. कॅटलॉग छापून झाला होता, लोक यायला लागले होते. पहिल्याच मोठ्या प्रदर्शनात तक्रार करणारी मुलगी असं नाव झालं तर पुढे कोण बोलावणार, ही भीती खरी होती. एका ज्येष्ठ चित्रकाराने तिला मायेने हेच सांगितलं.

दुसरं टोक म्हणजे काम उतरवून घेणं. रागाच्या भरात तिला हेच करायचं होतं. वडिलांनीच अडवलं. शिडीवर चढून मारलेल्या गाठी शिडीवर चढून सोडायच्या आणि लोकांनी बघायचंच नाही, हे त्यांना पटेना.

कायद्याचाही विचार झाला. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 57 प्रमाणे कलाकृतीवर आपलं कर्तेपण सांगण्याचा आणि तिची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क कलावंताकडे असतो, काम विकून टाकल्यावरसुद्धा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाचा खटला याच कलमावरचा. 1979 मध्ये ते शिल्प काढून नेलं गेलं, त्यात त्याची नासधूस झाली, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण एका वकील मैत्रिणीने विचारलं, इथे कर्तेपण कुणाचं नाकारलंय? मुलीचं नाव तर पाटीवर आहे. वडिलांचं म्हणायचं तर ते या कलाकृतीचे सहकर्ते आहेत असं तुम्ही कधी कुठे लिहून दिलंय का? दिलं नव्हतं. करारावर सही एकटीची होती. आयोजकांच्या पाटीत जे राहिलं, ते आमच्या करारातही राहिलेलं होतं. हे ऐकून ती दुखावली, पण मला वाटतं विचाराची दिशा तिथेच बदलली.

मग शब्दांचा प्रश्न. पाटी बदलायची तर त्यात लिहायचं काय?

इथे मी एक सल्ला दिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. 2018 मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली होती. त्याचा आधार घेऊन मी म्हटलं, तसंच लिहू, म्हणजे भावालाही बरं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘ताई, तो शब्द दाखल्यावरचा आहे. दाखला घेऊन मी वसतिगृहात गेले. इथे पण तोच घेऊन येऊ का?’

तिचं म्हणणं वेगळं होतं. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दाचा पदर अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रियांपर्यंत पसरवला. तो लढाऊ शब्द तिला मान्य आहे, प्रिय आहे. पण कलादालनांत तो उच्चारला की बघणारा काही ठरावीक गोष्टी शोधू लागतो. निळा रंग, बुद्ध, दीक्षाभूमी. 1956 च्या धर्मांतरात तिचं घर नव्हतं. तिच्या घरातल्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, अण्णाभाऊ साठे आहेत, लहुजी साळवे आहेत आणि कोनाड्यात मरीआईसुद्धा आहे. ‘मला दलित म्हणवून घ्यायला काहीच कमीपणा नाही. पण हा दोर मातंगांचा आहे, तेवढं तरी नीट सांगा.’ तिच्या स्केचबुकाच्या पहिल्या पानावर मुक्ताबाईंचं नाव असतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. चौदा वर्षांच्या पोरीने जे नाव घेऊन लिहिलं ते मी तिशीत लपवायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

आयोजकांची बाजूही ऐकून घेतली. त्यांचं म्हणणं, बाहेरून आलेल्याला ‘मातंग’ शब्द कळणार नाही, ‘दलित’ कळतो. हे खरं आहे. पण न कळणारा शब्द भिंतीवर दिसला तर माणूस कुणालातरी विचारतो, असं मला वाटतं, आणि विचारलं नाही तरी निदान आपल्याला काही माहीत नाही हे त्याला कळतं.

वडिलांचा आग्रह साधा होता: नाव पाहिजे, जात कशाला? ‘दोरात काय जात वळलीय व्हय?’ मुलगी म्हणाली, वळलीय दादा, तुम्हाला ओढ्याच्या खालच्या अंगाला का जावं लागायचं? त्यावर ते काही बोलले नाहीत. पण नावाचा आग्रह त्यांनी सोडला नाही, आणि पूर्ण नाव लिहायचं म्हणजे आडनाव आलं. आडनाव आलं की भाऊ आला.

काय केलं

तिसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. फोनवर बोलण्याऐवजी समोर बसून बोलायचं ठरवणं, हा या प्रकरणातला मला सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. भावाने दोन गोष्टी मागितल्या. गावाचं नाव नको, आडनाव नको. बाकी तुला तुझ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हण. तिने मान्य केलं आणि स्वतःचं आडनावही काढलं. तेव्हापासून ती नुसतं पहिलं नाव लावते, त्यापुढे आईचं.

वडिलांचं नाव कसं लिहायचं याचा गुंता त्यांनीच सोडवला. त्यांचं नाव आणि पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, बस. जुन्या गावात माणूस असाच ओळखला जायचा, अमक्याचा तमका. ‘माझ्या बापाचं नाव आलं ना, मग आडनाव कशाला?’ नाडा वळायला शिकवला होता तो त्यांच्या बापानेच.

मग आम्ही लेखी पत्र दिलं. तक्रारीचा सूर न लावता दुरुस्तीची विनंती केली, आणि नव्या पाटीचा मजकूर सोबत जोडला, मराठीत आणि इंग्रजीत. माध्यमाच्या ओळीत ‘घायपाताचा वाख, लोखंडी कड्या’. त्याखाली ‘दोर’ आणि वडिलांचं नाव. त्याखाली ‘मांडणी’ आणि तिचं नाव. ‘वळण्याचे दिवस: 46’ ही ओळ वडिलांनी घालायला लावली. त्यांना आकडा हवा होता. दोर म्हटलं की लोक लांबी विचारतात, दिवस कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं.

जातीचा उल्लेख पाटीवरून काढला आणि शेजारी तिच्या स्वतःच्या शब्दांत वेगळा कागद लावला. ‘मी मातंग घरातली आहे’ असं सुरू होणाऱ्या आठ ओळी, खाली तिची सही. फरक छोटा दिसतो. पण आधी तिच्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं, आता ती सांगत होती, आणि तिच्या ‘मी’मध्ये भाऊ येत नव्हता.

आयोजकांना नवव्या दिवशी पाटी बदलता आली. कॅटलॉगमध्ये शुद्धिपत्रकाची चिठ्ठी घातली गेली. त्याआधी बाहेर गेलेल्या प्रती तशाच गेल्या.

दरम्यान आणखी एक घडलं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत वळलेला दोर समुद्राच्या दमट हवेत आला. वाखाने ओल धरली, पेड फुगले आणि दोर लांबीला आखडला. दहाव्या-बाराव्या दिवशी एकवीसच्या एकवीस दोर जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. मांडणीचा सगळा तोल दोर टेकण्यावर होता. तिने घाबरून वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘आखडणारच की. हिरीतला नाडा वला झाला की आखडायचा, म्हणून म्या येक हात जास्त ठिवायचो. तू इचारलंच न्हाईस.’ कड्या खाली घेता आल्या असत्या. तिने तसंच राहू दिलं, आणि तिसऱ्या महिन्यात आलेल्या लोकांनी पाहिलेलं काम पहिल्या दिवशीच्या कामापेक्षा वेगळं होतं. मला ते जास्त आवडलं, तिला आजही पटलेलं नाही.

पुढे काय झालं

प्रदर्शन संपता संपता एका संग्राहकाने ते काम विकत घेतलं. या वेळी कागद आधी झाले. वळण्याच्या दिवसांची मजुरी वडिलांना वेगळी, काम विकलं जावो न जावो. विक्री झाली तर गॅलरीचा निम्मा हिस्सा जाऊन उरलेल्या रकमेत दोघांचा वाटा ठरलेला. बापाला मजुरी द्यायची हे तिला आधी फार अवघड वाटलं होतं. वडिलांना अजिबात वाटलं नाही. बलुत्यात त्यांनी वर्षाकाठी धान्य घेतलं होतं, पण कोणत्या नाड्याचे किती हा हिशेब कधी झालाच नव्हता. तो आता झाला.

करारात मूळ कामाच्या पुनर्विक्रीचा उल्लेखही घातला. आपल्या कायद्याच्या कलम 53अ प्रमाणे मूळ चित्र, शिल्प वगैरे दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलावंताला त्यात हिस्सा मागता येतो, तो जास्तीत जास्त दहा टक्के. व्यवहारात हे कलम क्वचितच कुणी वापरताना दिसतं, पण कागदावर असलेलं बरं.

त्यानंतर परदेशातून मागणी आली: हेच काम, याहून मोठं. तिचा होकार जवळजवळ गेलाच होता. वडिलांनी नाही म्हटलं. वयाच्या सत्तरीत पुन्हा शेहेचाळीस दिवस वाकून काम होणार नाही. दोर बाजारातून घे म्हणाले. दोन रात्री विचार करून तिने मागणी नाकारली. त्या वर्षी तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं, आणि सहा महिने ती पुन्हा पुतळ्यांच्या कारखान्यात गेली. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी सांगताना पैशाची बाजू गाळली जाते.

2023 मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना आली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांच्या यादीत मूर्तिकारही आहेत आणि टोपली-चटई-झाडू करणारेही. तिने ती यादी आईला वाचून दाखवली. एकाच यादीत मायलेकी दोघी बसत होत्या. कलादालनाच्या पाटीवर मात्र आई अजून कुठेच नाही, हे तिच्या लक्षात आलं ते त्या दिवशी. सध्या ती आईबरोबर शिंदीच्या फड्यांवर काम करते आहे.

1 ऑगस्ट 2024 ला, नेमकी अण्णाभाऊंच्या जयंतीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा, म्हणजे त्यांच्यात गट पाडून आरक्षण विभागण्याचा, अधिकार राज्यांना असल्याचा निकाल दिला. त्यानंतर तिच्या पाटीवरच्या ‘मातंग’ शब्दाला एकदम वेगळं वजन आलं. काहींनी तिला व्यासपीठावर बोलावलं, तर काहींनी विचारलं, तू ‘दलित’ हा शब्द सोडलास का? तिने सोडलेला नाही. या प्रश्नाचं उत्तर ती देत राहते, कधी शांतपणे, कधी थकून.

पुन्हा हीच वेळ आली तर

सगळ्यांत आधी, कराराच्या वेळीच कर्तेपण ठरवायला हवं होतं. दोर वळणारा हा मदतनीस, पुरवठादार की सहकर्ता? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शेजारच्या गावातून विकत घेतलेल्या दोराला मी सहकर्ता म्हणणार नाही. पण इथे कोणती गाठ कोणत्या दोराला, हे वडिलांनी ठरवलं होतं, आणि सोंदूर कुठे लोंबवायचा यावरून बापलेकीत दोन दिवस वाद झाला होता. ज्याच्याशी असा वाद होतो त्याचं नाव पाटीवर हवं, इतपत मी म्हणेन.

दुसरं, घरातल्या प्रत्येकाशी आधी बोलायला हवं होतं. कलावंत आपली ओळख मांडतो तेव्हा तिच्यासोबत भाऊ, भावजय, लग्नाची भाची, सगळे मांडले जातात. तिने परवानगी मागावी असं मी म्हणत नाही. आपली जात सांगण्याचा तिचा हक्क पूर्ण आहे. पण फोटोतून कळणं आणि बहिणीच्या तोंडून कळणं यात फरक आहे, आणि पुण्याचा तो प्रवास उद्घाटनाच्या आधी झाला असता तर भावाचा तो फोन आला नसता. वाईट याचं वाटतं की हा सगळा विचार तिलाच करावा लागतो. ज्यांनी आडनाव ऐकून घर नाकारलं त्यांना कुठे काही ठरवावं लागलं?

माझ्यापुरतं सांगायचं तर आता भिंतीवर लागणारा प्रत्येक शब्द, प्रत्येक भाषेत, छपाईआधी मागवते. ‘गोषवारा आम्ही करू’ असं कुणी म्हटलं की गोषवाराही मागवते. आणि शब्द सुचवण्याआधी विचारते.

दोराला समुद्राची हवा आधी दाखवायला हवी होती, हे वडिलांचं मत. पुढच्या वेळी एक हात जास्त ठेवतील.

पुढची वेळ जवळ आली आहे. येत्या हिवाळ्यात तिचं एकटीचं पहिलं प्रदर्शन आहे, तेही पुण्यात, भावाच्या घरापासून अर्ध्या तासावर. आईचे फडे आणि वडिलांचा एक नवा नाडा. आयोजकांनी पाठवलेल्या अर्जात कलावंताचं पूर्ण नाव, मूळ गाव आणि सहभागी कारागीर असे तीन रकाने आहेत. पहिला तिने भरला आहे, तिसऱ्यात दोन नावं लिहिली आहेत. मधला मोकळा ठेवून तिने अर्जाचा फोटो भावाला पाठवला. दोन दिवस झाले. त्याने पाहिलाय, उत्तर अजून आलेलं नाही.